झोपेचा तास रात्री साडेनऊला

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या बाई ५२ वर्षांच्या, राहायला नाशिकला गंगापूर रोडवर. कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतात. यंदा एका विद्यापीठाने झोपेच्या विज्ञानावरचा एका सत्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांच्याकडे सोपवला. विद्यार्थी बहुतेक कमावते : अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे, काही नर्स, एक कॅबचालक, काही गृहिणी, निफाडकडचा एक शेतकरी. सगळ्यांना जमावं म्हणून लाइव्ह तास रात्री साडेनऊ ते अकरा ठेवला आहे. कॅमेरे बंद असतात. ‘ऐकू येतंय ना?’ म्हटलं की दोन-चार ‘येस मॅम’ येतात, मग सगळं गप्प. रेकॉर्डिंग बाई घर शांत झाल्यावर करतात. झोपायला एक वाजतो, तीन-चारला घामाघूम होऊन जाग येते, सहाला डबे. मागच्या महिन्यात त्यांनी ‘प्रौढांना किमान ७ तास झोप हवी’ अशी स्लाइड दाखवली. तेव्हा शेतकरी विद्यार्थ्याने चॅटमध्ये लिहिलं, ‘मॅडम, या आठवड्यात आमच्याकडे लाईट रात्री बाराला येते. कांद्याला पाणी भरून घरी यायला पाच वाजतात. सात तास कुठून आणू?’ बाईंना उत्तर सुचलं नाही. स्वतः पाच तास झोपून लोकांना झोप शिकवणं हे ढोंग आहे असं त्यांना वाटू लागलं आहे. घरचे म्हणतात, एखाद्या तरुण, व्हिडिओ चांगले करणाऱ्या सहकाऱ्याला देऊन टाका. ‘सोडू का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

सोडण्याचा विचार या सत्रापुरता बाजूला ठेवा, असं मी म्हणेन. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘मला हे शिकवायला आवडत नाही’ असं एकही वाक्य त्यात नाही. तक्रार आहे ती वेळेची, समोरच्या शांततेची आणि एका प्रश्नावर निरुत्तर झाल्याची.

त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या अख्ख्या अभ्यासक्रमाचं मर्म त्यात आहे. तुम्हाला वाटलं, विद्यार्थ्याने तुम्हाला अडवलं. मला तसं वाटत नाही. बंद कॅमेऱ्यांच्या त्या वर्गात एकाने तरी स्वतःची रात्र तुमच्यासमोर ठेवली आणि खरं उत्तर मागितलं. तुमची स्लाइड चुकीची नव्हती. १८ ते ६० वयाच्या माणसाला ७ किंवा अधिक तास झोप हवी, ही अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांची २०१५ ची शिफारस आहे. पण शिफारस सांगणं वेगळं आणि विज्ञान शिकवणं वेगळं. शिफारस ज्याला पाळता येत नाही त्याच्या हाती फक्त अपराधीपणा उरतो. झोप कशी चालते हे ज्याला कळतं, त्याला आपल्या वाट्याला आलेल्या रात्रीत काय वाचवता येईल याचा विचार करता येतो.

म्हणून त्याच्या प्रश्नावर एक अख्खा घटक बांधा. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं दोन प्रक्रियांचं प्रारूप तुम्हाला पाठ असेल. एक, जागेपणी तासागणिक वाढत जाणारा झोपेचा दाब. मेंदूत साठत जाणाऱ्या अॅडेनोसिन या रसायनाचा त्यात मोठा वाटा, आणि चहा-कॉफीतलं कॅफीन अडवतं ते त्याचंच काम. दोन, शरीराचं घड्याळ. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या जेमतेम २० हजार पेशींच्या पुंजक्यात असतं आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने रोज जुळवलं जातं. आता हे निफाडच्या शेतावर नेऊन पाहा. बाराला उठायचं असेल तर आठ-साडेआठला आडवं होणं त्याच्या फायद्याचं, कारण गाढ झोपेचा मोठा हिस्सा झोपेच्या पहिल्या काही तासांतच होतो. पण संध्याकाळी शरीराचं घड्याळ आपल्याला जागं ठेवायला जोर लावत असतं, त्यामुळे पडल्या पडल्या झोप लागेलच असं नाही. मग दुपारी जेवणानंतर तास-दीड तास झोपून घेणं हा दुसरा मार्ग. पाचला परतल्यावर आधी चहा नको. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. खोलीत उजेड येत असेल तर डोळ्यांवर उपरणं घेऊन झोपायचं. रात्री उठल्याबरोबर स्टार्टरला हात घालायचा नाही, कारण गाढ झोपेतून उठल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटं मेंदू पुरता भानावर नसतो. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान तळाला असतं आणि सावधपणाही. ओला हात, उघडी वायर, उसाच्या कडेला बिबट्याची भीती, परतताना मोटारसायकल : त्याला सर्वांत जपायला हवं ते याच दोन तासांत.

याने त्याचे सात तास भरून येणार नाहीत, हेही त्याला स्पष्ट सांगा. शेतीपंपाला रात्रीची लाईट मिळणं हा त्याच्या शिस्तीचा प्रश्न नाही, त्याचं ओझं त्याच्या डोक्यावर नको. आणि त्याला विचारा, थंडीच्या लाटेत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र काढणारे त्याच्या गावचे लोक दुसऱ्या दिवशी कसे वागतात, चिडतात का, विसरतात का. वर्गात ते त्याच्याच तोंडून येऊ द्या. त्याला ज्या गोष्टीचा अनुभव आहे, ती तुमच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेली असते.

हीच गोष्ट कारखान्यातल्या मुलांची. फर्स्ट, सेकंड, थर्ड या क्रमाने शिफ्ट फिरली तर शरीराला सोपं जातं, उलट फिरली तर जड, कारण माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांहून काही मिनिटं जास्तच चालतं आणि उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं पडतं. इथे तुम्हाला एक सुंदर गोष्ट सांगता येईल. १९३८ मध्ये झोपेचे संशोधक नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतल्या केंटकीमधल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. दिवस २८ तासांचा करून पाहिला. तरुण रिचर्डसनला तो बराचसा मानवला, क्लाइटमनना नाही. त्यांचं शरीर २४ तासांनाच धरून राहिलं. थर्ड शिफ्टचा आठवडा करणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगितली की तो लगेच आपला अनुभव सांगू लागेल. मात्र रात्रपाळीचे धोके मांडताना हात आवरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात ठेवलं, हे खरं आहे आणि लपवू नये. पण उद्या रात्री पुन्हा पंच करायला जाणाऱ्याला नुसतं तेवढं सांगून तास संपवला, तर त्याची दिवसाची झोपही उडेल. हा गट पुराव्याचं वजन सांगतो, एकेका माणसाचा धोका किती ते सांगत नाही, एवढं समजावूनच पुढे जा.

आता वेळेबद्दल. साडेनऊला सगळे मोकळे असतात, हे गृहीत मला पटत नाही. साडेनऊला ते काम संपवून आलेले असतात, एवढंच. त्यांच्यातल्या सकाळच्या शिफ्टवाल्याला पाचला उठायचं आहे, गृहिणीची भांडी अजून व्हायची आहेत. दीड तास उजळ पडद्यासमोर बसवून आपण त्यांना झोपेबद्दल सांगतो, आणि ते सांगण्यासाठी त्यांची झोपच पुढे ढकलतो. यात तुमचा दोष नाही, बहुतेक ऑनलाइन वर्गांच्या वेळा अशाच ठरतात. पण तुमच्या विषयात तरी हे चालवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. झोपेवरच्या अभ्यासक्रमाने कुणाची झोप खाऊ नये, हा एक नियम धरलात तर बाकीचे बरेच निर्णय सोपे होतील.

तो नियम धरला की लाइव्ह तास हा अभ्यासक्रमाचा कणा राहत नाही. कणा होतात ते छोटे व्हिडिओ आणि त्यांच्यामागचे प्रश्न. एका मोठ्या ऑनलाइन शिक्षण मंचावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा २०१४ मध्ये अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांपलीकडे लोकांचं बघणं झपाट्याने गळतं असं दिसलं. म्हणून दीड तासाचं व्याख्यान सहा-आठ मिनिटांच्या तुकड्यांत करा. एक तुकडा, एक कल्पना. प्रत्येकानंतर दोन प्रश्न, पाठ आठवून लिहायला लावणारे. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने गोष्ट जास्त टिकते, हे रोडिगर आणि कारपिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलं आहे. आणि प्रत्येक तुकड्याची ऑडिओ फाइलही ठेवा. दिंडोरीच्या पुढे रेंज नसते, डेटा संपलेला असतो, कंपनीच्या बसमध्ये मात्र कानात हेडफोन असतो. लाइव्ह भेट पंधरवड्यातून एकदा, तासाभराची, फक्त प्रश्नांसाठी. एकदा रविवारी सकाळी, एकदा आठवड्यात दुपारी चारला, आलटून पालटून. सगळे कधीच येणार नाहीत. शिफ्टवाल्या वर्गात सगळ्यांना जमेल अशी वेळ नसतेच, तेव्हा ती शोधण्यात जीव घालू नका.

ज्यांचा विषय झोप नाही, पण संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग आहेत, अशा शिक्षकांनाही माझं हेच सांगणं. आपल्या नाशिकला दूरशिक्षण नवं नाही, मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे आणि घर, शेत, नोकरी सांभाळून पदवी घेणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. त्यांना शिक्षकाची हजेरी हवी असते, हे खरं. ती हजेरी रात्री अकराला द्यावी लागते असं नाही. शनिवारी पाठवलेल्या प्रश्नाला सोमवारी नीट, नाव घेऊन दिलेलं उत्तर हीही हजेरीच आहे.

बंद कॅमेऱ्यांचं फार मनाला लावून घेऊ नका. एका खोलीत चार माणसं राहत असतील तर कॅमेरा कोण लावेल? ‘कळलं का?’ या प्रश्नाला माणूस ‘हो’च म्हणतो. त्याऐवजी दोन ओळी लिहायला सांगा : ‘काल रात्री तुम्ही कितीला झोपलात आणि कशाने उठलात?’ एवढं विचारून पाहा, चॅट भरून जाईल.

याच प्रश्नातून अभ्यासक्रमाची प्रयोगशाळा उभी राहते. दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही प्रत्येकाला ठेवायला सांगा. झोपेच्या दवाखान्यातही पहिलं काम हेच देतात. कधी आडवं झालो, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग, शेवटचा चहा, दुपारची डुलकी. नमुना म्हणून अशी एक ओळ दाखवा : ‘थर्ड शिफ्ट. घरी ७.२०. चहा, पोहे. ८.३० ला पडलो. ११ ला कुकरच्या शिट्टीने जाग. १ ते ३ पुन्हा. शिफ्टला जाताना डोळे चुरचुरत होते.’ या एका ओळीत उजेड, आवाज, कॅफीन, तुटलेली झोप, घड्याळ आणि दाब यांची ओढाताण सगळं आहे. गुण नोंदीच्या प्रामाणिकपणाला आणि विश्लेषणाला द्या, झोपेच्या तासांना देऊ नका, नाहीतर सगळे सात तास झोपू लागतील, कागदावर. आणि नोंदवही सगळ्यांसमोर वाचायची सक्ती नको. रात्री बाळाला कोण उठतं, सासूबाईंचं औषध कोण देतं, घरात कुणाची भांडणं होतात, हे त्यात उतरतं. बायका ते चारचौघांत सांगणार नाहीत. नाव न लिहिता सारांश पाठवायची मुभा असू द्या.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा आहे. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या आणि काही वेळा झोपेनंतर, काही वेळा तितकाच वेळ जागं राहिल्यानंतर आठवायला सांगितलं. झोपेनंतर जास्त आठवलं. तुमच्या विद्यार्थ्यांना ‘ढेफ, झुय, टोघ’ असे दहा अर्थहीन शब्द द्या. एकदा झोपण्याआधी पाठ करून उठल्यावर तपासा, एकदा उठल्यावर पाठ करून आठ तासांनी. थर्ड शिफ्टवाल्यालाही हा प्रयोग जमतो, त्याची रात्र दिवसा असते एवढंच. मग सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात टाका आणि विचारा, इतक्या थोड्या माणसांवरून निष्कर्ष काढता येईल का, झोपेमुळे फरक पडला की झोपेत इतर गोष्टी कानावर पडल्या नाहीत म्हणून? हा दुसरा प्रश्न खुद्द त्या दोघा संशोधकांनाही पडला होता. पडद्यावर तीन स्लाइड दाखवून विज्ञानाची पद्धत इतकी समजत नाही.

मनगटावरच्या घड्याळाचे आकडे कुणीतरी नक्की आणेल : ‘मॅडम, माझी डीप स्लीप फक्त ४० मिनिटं.’ तेव्हा झोपेच्या पायऱ्या कशा ठरल्या ते सांगा. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण एकत्र नोंदवूनच त्या ठरतात. क्लाइटमन यांच्या युजीन अॅसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून रात्ररात्र कागदावरच्या रेघा पाहिल्या, आणि १९५३ मध्ये त्याने व क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध प्रसिद्ध केला. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज करतं. झोपायच्या-उठायच्या वेळा ते बऱ्यापैकी पकडतं. डीप स्लीपच्या आकड्यावरून कुणी काळजीत पडू नये.

आता तुमच्याबद्दल. मधुमेह असलेले डॉक्टर मधुमेहावर उपचार करतात, त्याला कुणी ढोंग म्हणत नाही. तुमची झोप तुटते आहे ही तुमची परिस्थिती आहे, खोटेपणा नाही. विद्यार्थ्यांना तुम्ही आदर्श झोपेचा नमुना म्हणून नको आहात. हवं तर तुमचीही नोंदवही ठेवा आणि त्यातलं सांगावंसं वाटेल तेवढंच वर्गात सांगा.

पण पाच तासांची झोप अशीच चालू द्यायची, असं मात्र नाही. त्यातला रेकॉर्डिंगचा भाग बदलता येण्यासारखा आहे. घर शांत होईपर्यंत थांबणं हे तुम्ही स्वतःच ठरवलेलं आहे. कॉलेजात दुपारी एखादी बंद खोली मिळते का विचारा. घरी करायचं तर गाद्या आणि कपड्यांनी भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही, दुपारीही काम भागतं. मागून भाजीवाल्याची हाक आली तरी विद्यार्थी ऐकणं सोडत नाहीत. सफाईदार व्हिडिओसाठी विषय दुसऱ्याला देऊन टाकायची गरज नाही. तुकडे जोडायचं, अक्षरं टाकायचं काम त्या तरुण सहकाऱ्याला द्या, त्याचं नाव अभ्यासक्रमात घाला आणि त्याचे पैसे त्याला मिळतील असं बघा. शिकवणं तुमच्याकडे राहू द्या. निफाडच्या प्रश्नाने रात्रभर अस्वस्थ होणारी शिक्षिका विद्यापीठाला सहज मिळत नसते.

तीन-चारला घामाघूम होऊन जाग येणं तुमच्या वयात पाळी थांबण्याच्या आगेमागे पुष्कळ बायकांना होतं. ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, त्यावर उपचार आहेत. घोरणं वाढलंय, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो असं असेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडण्याचा त्रास पाळी थांबल्यानंतर बायकांत वाढतो आणि तो पुष्कळदा ओळखलाच जात नाही. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिने किंवा अधिक झोप बिघडलेली असेल तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार गोळी नसून निद्रानाशासाठीची, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धत असावी, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. शेजारणीच्या डब्यातली गोळी घेऊ नका, आणि चालू असलेली गोळी एकदम बंदही करू नका.

अशा अभ्यासक्रमात विद्यार्थी शिक्षकालाच डॉक्टर समजू लागतात. पहिल्याच पानावर लिहून ठेवा की इथे झोप कशी चालते ते शिकवलं जाईल, कुणाचं निदान होणार नाही. घोरताना श्वास थांबतो, गाडी चालवताना डुलकी येते, अशा तक्रारी आल्या तर छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा. तुमच्या कॅबचालकाला हे वेगळं सांगा : पहाटे कसारा घाट उतरताना काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप अडत नाही. गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपायचं. कुणी लिहिलं की झोपही नाही आणि जगावंसंही वाटत नाही, तर उत्तर सोमवारपर्यंत ठेवू नका. लगेच त्याला फोन करा आणि सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते, तो नंबर द्या.

राहता राहिले तुमचे समन्वयक. सत्र अर्ध्यावर आहे, वेळापत्रक पुढच्या वर्षी बदलू, असं ते म्हणतील. मागणी लेखी द्या आणि थोडकी ठेवा : उरलेल्या आठवड्यांत लाइव्ह तास पंधरवड्यातून एकदा, रात्री साडेआठनंतर नाही, रेकॉर्डिंगसाठी आठवड्यात दोन तास कामाच्या वेळेत, आणि अंतिम गुणांतला काही भाग नोंदवहीला. नियमात ठराविक लाइव्ह तास भरणं सक्तीचं असेल तर ते किती, हे त्यांच्याकडून कागदावर घ्या. बऱ्याचदा नियम तासांचा असतो, रात्रीचा नसतो. त्या अर्जासोबत विद्यार्थ्यांच्या सोयीच्या वेळांचा तक्ता जोडलात तर नाही म्हणणं त्यांनाही जड जाईल. तो तक्ता या रविवारीच मागवून घ्या.